श्रेय एकट्या हॅलिडींचं नाही
सॅन फ्रान्सिस्कोच्या केबल कारवरचा, म्हणजे रस्त्याखालच्या दोराने ओढल्या जाणाऱ्या गाड्यांवरचा, तुमचा लेख छान, पण गाडी ओढणारे घोडे चढावर घसरून मेले आणि ते बघून अँड्र्यू हॅलिडींना केबल कार सुचली, एवढ्यावरच सगळं उरकलंय. अहो, त्याआधी हा माणूस कॅलिफोर्नियाच्या खाणींसाठी तारांचे दोर बनवत होता. वडिलांकडेही तारदोराचं पेटंट होतं. दोर घरचाच, आता तो खपवायला रस्ता शोधला, असं मी म्हणेन (थोडा खवचटपणा चालवून घ्या!). शिवाय 1873 च्या क्ले स्ट्रीट लाइनचे, म्हणजे तिथल्या पहिल्या केबल कार मार्गाचे, इंजिनिअर विल्यम एपल्सहायमर, त्यांचं नावसुद्धा नाही?

मागे मुलीकडे गेलो होतो तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत पॉवेल स्ट्रीटवर उभा होतो. गाडीचा पत्ता नाही, पण रुळांमधल्या फटीतून सतत घरघर ऐकू येत होती. दोर खाली अखंड पळत असतो. गाडीला स्वतःचं इंजिनच नाही. ग्रिपमन, म्हणजे गाडी चालवणारा, लांबलचक दांडा मागे ओढतो, खालचा चिमटा दोर पकडतो आणि गाडी निघते. थांबायचं तर चिमटा सोडायचा, ब्रेक दाबायचा. वॉशिंग्टन आणि मेसन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर दोर फिरवणारी प्रचंड चाकं बघायला मिळतात, तीही फुकट. बायको कंटाळली, मी तासभर हललो नाही.