‘आता कीर्तनालाही सात वर्षे’ या संदेशाला उत्तर

डिसेंबर 2025 मध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरलेल्या कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात द्वेषयुक्त भाषण व द्वेषमूलक गुन्हे प्रतिबंधक विधेयक 18 तारखेला विधानसभेत आणि पाठोपाठ विधान परिषदेत मंजूर झाले. तेव्हापासून खानापूर, निपाणी, बेळगाव या पट्ट्यातील मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: कीर्तन-प्रवचनाला आता सात वर्षांची कैद होईल, अशा बोलण्याला यापूर्वी कधीच बंदी नव्हती, हा कायदा एकाच धर्माविरुद्ध आहे, ‘बेळगाव महाराष्ट्रात गेले पाहिजे’ असे म्हटले तरी अटक होईल, आणि परदेशात अशाच कायद्याने धर्मगुरू तुरुंगात गेले आहेत.

या संदेशाचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. आमच्या गावच्या सप्ताहात एका संध्याकाळी बुवा निरूपणाच्या ऐन रंगात आले होते आणि ढोंगी साधूंवर संतांनी ओढलेल्या कोरड्यांपर्यंत पोहोचले होते. तिथेच ते थबकले, माइकवर हात ठेवला आणि शेजारच्या विणेकऱ्याला हळूच विचारले, ‘‘रेकॉर्डिंग चालू आहे काय हो?’’ मग पुढचा भाग गाळून त्यांनी थेट गजर धरला. टाळकऱ्यांना काही कळले नाही, पण पुढच्या रांगेत बसलेल्या आम्हा चौघांना कळले.

म्हणून पहिल्या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहितो. शिक्षेचा आकडा खरा आहे: पहिल्या गुन्ह्याला किमान 1 वर्ष, कमाल 7 वर्षे आणि 50 हजार रुपये दंड, पुन्हा केल्यास किमान 2 वर्षे आणि 1 लाख रुपये दंड. मूळ मसुद्यात पुनरावृत्तीसाठी 10 वर्षे होती, ती सभागृहात 7 वर आली. पण शिक्षा कशाला, हे संदेश सांगत नाही. विधेयकाच्या व्याख्येनुसार बोलणे, लिहिणे किंवा प्रसारित करणे हे जाहीरपणे झालेले असले पाहिजे आणि त्यामागे एखाद्या व्यक्तीविरुद्ध किंवा समाजघटकाविरुद्ध इजा, तेढ, शत्रुत्व वा द्वेष पसरवण्याचा हेतू असला पाहिजे. भोंदूपणावरची टीका ढोंगावर असते, ती कोणत्याही समाजावर नसते. आपल्या देवाची थोरवी गाताना दुसऱ्याच्या मताचे खंडन करणे ही तर या मातीतील जुनी रीत आहे. कन्नड संतकवी असलेल्या वचनकारांनीही तेच केले आणि वारकऱ्यांनीही.

न्यायालयांनी ‘हेतू’ या शब्दाला किती वजन दिले आहे, हेही पाहावे. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचे दंडसंहितेतील 295अ हे कलम 1957 मध्ये रामजी लाल मोदी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले, ते ह्याच आधारावर, की त्यात धर्माचा कोणताही अपमान नव्हे, तर जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान तेवढाच येतो. 2007 मध्ये मंझर सईद खान प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, समाजगटांत शत्रुत्व वाढवण्याबद्दलच्या 153अ कलमाचा गाभा हेतू हाच आहे आणि लिखाणातील एखादे सुटे वाक्य उचलून तो सिद्ध करता येत नाही. मार्च 2025 मध्ये कवी व खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरील गुन्हा रद्द करतानाही न्यायालयाने हेच बजावले की, शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या, समंजस माणसाच्या नजरेने मोजायचा. ज्याला जिथेतिथे धोका दिसतो अशाच्या नजरेने नव्हे.

इतके म्हटल्यावर एक कबुली द्यावी लागते. शास्त्र, साहित्य, कला आणि धार्मिक कारणांसाठी विधेयकात अपवाद ठेवला आहे, परंतु त्याची भाषा पुस्तक, पत्रक, लेखन, चित्र अशा वस्तूंची नावे घेत जाते. तोंडी कीर्तनाचा तिथे स्पष्ट उल्लेख असता, तर बुवांना विणेकऱ्याकडे वळावे लागले नसते.

‘यापूर्वी अशी बंदी नव्हती’ हा दुसरा मुद्दा दोन ओळींत संपतो. 153अ कलम 1898 पासून आणि 295अ कलम 1927 पासून आहे, आणि आज तीच कलमे भारतीय न्याय संहितेत अनुक्रमे 196 आणि 299 या क्रमांकांनी आहेत. आपले आजोबा याच कलमांखाली कीर्तन ऐकत होते.

तिसऱ्या मुद्द्याबद्दल सांगायचे तर विधेयकात कोणत्याही एका धर्माचे नाव नाही. अंमलबजावणी पक्षपाती होऊ शकते, हा आक्षेप वेगळा आणि रास्त आहे, पण तो पोलिसांवरचा आक्षेप झाला, कलमावरचा नव्हे. शिवाय डिसेंबर 2021 मध्ये ह्याच सौधात विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केले, त्यात धर्मांतर करणाऱ्याने 30 दिवस आधी प्रशासनाला कळवण्याची अट होती. धर्मप्रचाराच्या स्वातंत्र्याला ती तरतूद आजच्या विधेयकापेक्षा अधिक थेट भिडत होती. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी काही जण आज अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने संदेश पुढे पाठवत आहेत, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

चौथा मुद्दा आपल्या जिव्हाळ्याचा आहे. विधेयकात द्वेषाच्या आधारांमध्ये धर्म आणि जातीबरोबर भाषा, जन्मस्थान आणि निवासस्थानही आहे, त्यामुळे सीमाभागातील माणसाच्या पोटात गोळा येणे साहजिक आहे. तरीही ‘बेळगाव महाराष्ट्रात गेले पाहिजे’ ही मागणी राज्याच्या हद्दीबद्दलची आहे, कानडी माणसाबद्दलची नाही. महाराष्ट्र सरकारने 2004 मध्ये हीच मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. जे वाक्य देशाच्या सर्वोच्च न्यायालयात मांडले जाते, तेच बेळगावच्या खडेबाजारात उच्चारले म्हणून द्वेष ठरत नाही. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची मूक फेरीही यात बसत नाही. ‘त्यांना इथून हाकलून द्या’ असे भाषण मात्र बसते, मग ते मराठीत असो की कन्नडमध्ये. मराठी भाषकांना राज्य सोडून जायला सांगणाऱ्या चित्रफिती आपण वर्षानुवर्षे पाहतो आहोत. त्याच कलमाचा आधार उद्या आपल्यालाही घेता येईल, ही बाजू संदेश लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

परदेशातील धर्मगुरूंचा दाखला अर्धाच दिला आहे. स्वीडनमध्ये ओके ग्रीन या पाद्र्याला समलैंगिकतेविरुद्धच्या प्रवचनाबद्दल 2004 मध्ये खालच्या न्यायालयाने एक महिन्याची शिक्षा दिली, हे खरे. पण अपील न्यायालयाने आणि नंतर नोव्हेंबर 2005 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. अमेरिकेचा 2009 चा कायदा तर द्वेषातून केलेल्या मारहाणीसारख्या हिंसक कृत्यांना लागू होतो, निव्वळ प्रवचनाला नाही.

ह्याच तुलनेतून विधेयकातील खरी उणीव दिसते, जिच्याबद्दल संदेश एक अक्षर लिहीत नाही. नावात ‘द्वेषमूलक गुन्हे’ असले तरी व्याख्येत त्याचा अर्थ द्वेषयुक्त भाषण पसरवणे, त्याला चिथावणी किंवा साथ देणे एवढाच निघतो. कुणाची भाषा किंवा धर्म पाहून केलेल्या मारहाणीला त्यातून वेगळी शिक्षा होत नाही. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येईल असा, आणि अजामीनपात्र आहे. हेतू सिद्ध झाला की नाही, हे न्यायालय खटल्याच्या शेवटी ठरवील. अटक मात्र सुरुवातीला ठाण्यातील अधिकारी ठरवतो. शिक्षा 7 वर्षांपर्यंतच असल्याने अर्नेश कुमार प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निर्णय लागू होतो आणि अटकेची गरज कागदावर लिहून दाखवावी लागते. नाहीतर नोटीस देऊन बोलवावे लागते. सप्ताह समितीने वकिलाकडून आधी ही नोटिशीची तरतूद समजून घ्यावी, असे मी बुवांना सांगितले. काल्याच्या कीर्तनात त्यांनी तो गाळलेला भाग पुन्हा घेतला. रेकॉर्डिंग चालूच होते.