पाणघोडा शाकाहारी आहे, म्हणून काय झालं?

परवा रात्री पावणेअकराला मावशीचा फोन. आवाज इतका निवांत की मलाच शंका आली. "अरे, तो आफ्रिका सफारीचा मेसेज वाचलास का, अकरा पॉइंटवाला? लस-बिस काही लागत नाही म्हणे. आणि काका म्हणतायत नैवाशाला पहाटे तळ्याकाठी फेरफटका मारू, तिथले हिप्पो काही करत नाहीत." मावशी ६३, काका ६८, ९ ऑगस्टला डोंबिवलीच्या ग्रुपबरोबर केनियाला निघतायत, नैरोबी, नैवाशा, मग मसाई मारा. तोच मेसेज मला आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, मग ऑफिसच्या, तेव्हा मी हसून सोडून दिला. आता घरापर्यंत आलाय म्हटल्यावर लिहिणं भाग आहे. मेसेज कोणी लिहिलाय ते अर्थातच माहीत नाही, खाली फक्त "एका अनुभवी डॉक्टर मित्राकडून" आणि नमस्काराचे चार हात.

आधी पॉइंट नंबर ७, कारण बाकी सगळं चुकलं तर पैसे जातील, हे चुकलं तर माणूस जाईल. मेसेज म्हणतो, "फक्त मांसाहारी प्राण्यांपासून सावध राहा. हत्ती, रानम्हैस, हिप्पो शाकाहारी असल्याने माणसाच्या वाटेला जात नाहीत."

अहो, गवत खातो म्हणजे अहिंसावादी झाला का? दाजीपूरच्या आसपास राहणाऱ्याला विचारा गवा काय खातो आणि काय करतो. दोडामार्गात हत्ती शिरले की बागायतदार "चला, शाकाहारीच आहेत" म्हणून पाय पसरून झोपतात का? तो आपल्याला खायला येत नाही हे मान्य, पण त्याच्या वाटेत, पिल्लाच्या आड किंवा पाण्याच्या आड आपण आलो की तो आपल्याला बाजूला करतो, आणि दीड-दोन टनाच्या जनावराने बाजूला करणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. सगळे ज्याच्या मागे असतात ते 'बिग फाइव्ह' तरी बघा. हा शब्द शिकाऱ्यांचा, पायी शिकार करायला सगळ्यात अवघड आणि धोक्याचे पाच प्राणी. सिंह आणि बिबळ्या सोडले तर उरलेले तीन, हत्ती, गेंडा, रानम्हैस, तिघंही पक्के शाकाहारी! आणि हिप्पो तर या यादीतही नाही.

हिप्पो दिवसभर पाण्यात डुंबतो म्हणून गरीब वाटतो, त्यात आपण त्याला पाणघोडा असं गोड नाव दिलंय. रात्री तो चरायला काठावर येतो, उजाडता उजाडता पाण्याकडे परततो, आणि तेव्हा त्याच्या आणि पाण्याच्या मधे जो कोणी असेल त्याची खैर नाही. तासाला तीसेक किलोमीटरने पळतो, सुळे हातभर. म्हणजे काकांनी फेरफटक्याला नेमकी हिप्पोची घरी परतायची वेळ निवडलीय. आणि हे मी घाबरवायला सांगत नाहीये, २०१८ च्या ऑगस्टमध्ये याच नैवाशाच्या काठावर फोटो काढणारा तैवानचा एक पर्यटक हिप्पोच्या हल्ल्यात मेला. हाच महिना, हेच तळं.

आम्ही २०१९ ला गेलो होतो तेव्हा जेवण झाल्यावर खोलीपर्यंत एकटं जायचं नाही असा नियम होता, रखवालदार सोबत येणार, त्याला तिथे अस्करी म्हणतात, आपल्या लष्करचाच नातलग शब्द. मी आपला पुण्याच्या तोऱ्यात, "पन्नास पावलं तर आहे." त्याने काही न बोलता टॉर्च डावीकडे मारला. आधी फक्त आवाज, गवत मुळासकट उपटल्यासारखा चर्र, मग थांबून परत चर्र. मग दिसली एक काळी भिंत, बंगल्याच्या कुंड्यांना चिकटून, लॉन खात असलेली. आमच्यापासून बारा-पंधरा पावलांवर. अस्करीने टॉर्च खाली केला, हात आडवा धरला आणि आम्हाला मागे घेऊन पाच मिनिटं उभं केलं. त्या पाच मिनिटांत मला हिप्पोचा आहार अजिबात आठवला नाही.

आता लस, पॉइंट ३. "केनियाला यलो फीवरची लस लागत नाही. साठीच्या पुढे तर पूर्ण माफ. कोणी विचारलंच तर एजंट कार्ड बनवून देतो."

पहिल्या वाक्यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया हे कार्ड, म्हणजे लस घेतल्याचा दाखला, मागत नाही. मागतो आपलाच देश, परत येताना! कारण पिवळा ताप भारतात नाही, पण तो पसरवणारा डास, तोच डेंग्यूवाला एडिस, आपल्याकडे घरोघरी कुंडीखालच्या ताटलीत बसलाय. एक पेशंट आला तर काय होईल या भीतीने आपलं सरकार याबाबत कडक आहे, केनियाहून आलात आणि वैध कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मुंबईत उतरून, घर एका तासावर, आणि सहा दिवस आत.

कार्डाचं गणित माझ्याच पिवळ्या पुस्तिकेत छापलंय, ड्रॉवरमधून काढून समोर ठेवलीय. लस घेतल्यावर १० दिवसांनी ते वैध होतं, आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. पूर्वी दहा वर्षांनी परत घ्यावी लागायची, पण ११ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम बदलले आणि आता एकदा घेतली की आयुष्यभर चालते. म्हणजे "दर वेळी टोचून पैसे उकळतात" हे मेसेजमधलं रडगाणंही गेलं.

साठीचं म्हणाल तर माफ नाही, उलट जपून आहे. ही जिवंत विषाणूची लस, आणि साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्याला गंभीर त्रासाची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून आधी आपल्या डॉक्टरांना बीपी, शुगर, चालू गोळ्या, अंड्याची अ‍ॅलर्जी सगळं सांगायचं आणि ते ठरवतील. ते नको म्हणाले तर सहल बदला, कार्ड बनवू नका. खोटं कार्ड हा गुन्हा आहे, आणि ही आयडिया डॉक्टर मित्राची असेल तर धन्य तो डॉक्टर.

पॉइंट ४, "भारतीयांना मलेरियाची इम्युनिटी असते, रोज लसूण खा." कुठली इम्युनिटी? सतत मलेरियाच्या भागात राहणाऱ्यांना जी थोडीफार येते ती तिथून बाहेर पडल्यावर ओसरते, आणि डोंबिवलीत गुडनाइट लावून झोपणाऱ्याला ती होती कधी? तिकडचा मलेरिया बहुतेक फॅल्सिपेरम, मेंदूपर्यंत जाणारा, त्यावर क्लोरोक्विन ही मलेरियाची जुनी गोळी चालत नाही. नैरोबी उंचावर आहे, तिथे धोका कमी, एवढं खरं. पण प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि परत आल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करा. नंतर महिन्या-दोन महिन्यांनी जरी ताप आला तरी डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच, आफ्रिकेला जाऊन आलोय.

"ड्रायव्हरला वीस डॉलर दिले की सिंहाजवळ उतरून फोटो काढता येतो." नाही. सिंह गाडीकडे दुर्लक्ष करतो कारण त्याच्या लेखी गाडी ही एक मोठी, बिनकामाची वस्तू आहे, आपण खाली उतरलो की त्या वस्तूतून माणूस वेगळा होतो. २०१५ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या लायन पार्कमध्ये तर उतरायचीही गरज पडली नाही, खिडकी उघडी होती तेवढं पुरलं, अमेरिकन बाई गेली.

बाकीचं भराभर. व्हिसा रद्द झाला हे बरोबर, जानेवारी २०२४ पासून, पण त्याच्या जागी ईटीए, म्हणजे प्रवासाचं परवानगीपत्र, आलंय आणि ते आधी ऑनलाइन काढावंच लागतं. ठेपले-चिवडा प्लास्टिकच्या पिशव्यांत अजिबात बांधू नका, केनियात २०१७ पासून बंदी आहे आणि दंड आपल्यासारखा नाममात्र नाही, कापडी पिशव्या आणि स्टीलचे डबे न्या. लष्करी छापाचे कपडे नकोत, झिम्बाब्वेत तर तो गुन्हाच आहे, केनियातही उगाच पोलिसांना उत्तरं द्या. गडद निळं-काळं घालू नका हे मात्र मेसेजने बरोबर सांगितलंय, त्सेत्से ही तिकडची चावरी माशी त्या रंगांवर येते, तिचे सापळेसुद्धा निळ्या-काळ्या कापडाचे असतात. आणि "आफ्रिका म्हणजे उकाडा, स्वेटर नको" हे ज्याने लिहिलं तो ऑगस्टच्या पहाटे उघड्या जीपमध्ये बसलेला नाही. मावशी, कानटोपी परत बॅगेत टाक.

आज १९ जुलै. ९ ऑगस्टला कार्ड वैध हवं तर लस ३० तारखेच्या आत, आणि एका कुपीत अनेकांचे डोस असल्याने सरकारी केंद्रं ती ठरावीक दिवशीच उघडतात, नंबर लावावा लागतो. काका, डॉक्टरांकडे उद्या, केंद्राला फोन परवा. फेरफटका गच्चीवर मारा.