फ्लिप गेला कुठे?

फळ्यावर नुसतं 'भाजी' लिहिलंय आणि ताटात भरली वांगी आली, तर खानावळीत कोणी भांडत नाही. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्येही ही मुभा आहे: मूळ क्लासची मेथड (त्याला नेमून दिलेलं काम) जे परत करते, त्याहून नेमकं काही सबक्लासने, म्हणजे त्याच्या वारसाने, परत केलं तरी चालतं. जावाला हे २००४ साली सुचलं. सी शार्पला त्यासाठी २०२० उजाडावं लागलं.

तरी जावाच्या बाइटबफरची (बाइट साठवायचा डबा, 'बफर' क्लासचा वारस) फ्लिप मेथड (भरलेला डबा वाचण्यासाठी तयार करणारी) आठव्या आवृत्तीपर्यंत नुसता 'बफर'च परत करत होती. आपलाच बाइटबफर, फ्लिप केला की ओळख विसरून यायचा. मग कास्ट करून, म्हणजे कोडमध्ये टाइप स्पष्ट लिहून, त्याला सांगायचं, बाबा रे, तू बाइटबफर आहेस. नवव्या आवृत्तीत, २०१७ साली, फ्लिप एकदाची बाइटबफर परत करू लागली. आम्ही खूश.

मग आमची जार (कंपाइल केलेल्या कोडचं गाठोडं) एका ग्राहकाच्या सर्व्हरवर गेली. त्यांचा जावा ८, आमचा ११. कंपायलरला सांगितलेलं: सोर्स ८, टार्गेट ८, सगळं रीतसर. बिल्ड हिरवीगार. टेस्ट पास (अकरावर, अर्थात). तिकडे सुरू होताच: नो सच मेथड एरर. कुठली मेथड नाही म्हणे? फ्लिप! जावा १.४ पासून ठाण मांडून बसलेली फ्लिप!

"तुम्ही टेस्टिंग करता ना हो?" तिकडच्या साहेबांनी फार प्रेमाने विचारलं.

जावापी या टूलने क्लास फाइल (कंपाइल झालेला कोड) उघडून पाहिली. कॉलेजात घोकलं होतं की मेथड ओळखायची नावावरून आणि पॅरामीटरवरून. ते कंपायलरपुरतं. जेव्हीएम (कोड चालवणारी जावाची आभासी मशीन) रिटर्न टाइप, म्हणजे काय परत मिळणार, तेसुद्धा तपासते. फाइलमध्ये लिहिलेलं: फ्लिप, परत बाइटबफर. आठव्या जावाच्या दप्तरी नोंद: फ्लिप, परत बफर. झालं, ओळख पटेना! जुना कोड नव्या जावावर बिनबोभाट चालतो, कारण नव्या बाइटबफरमध्ये कंपायलर गुपचूप एक ब्रिज मेथड (जुन्या रिटर्न टाइपची, नवीला हाक मारणारी) घालून ठेवतो. आमची वाट नेमकी उलटी. आणि सोर्स-टार्गेटचं म्हणाल, तर ते भाषा आणि क्लास फाइलची आवृत्ती सांभाळतात. लायब्ररी अकराचीच राहते.

खरा उपाय कंपायलरचा 'रिलीज ८' हा पर्याय, तो लायब्ररीही आठचीच धरतो. पण बिल्डच्या फाइलला हात लावायला दुसऱ्या टीमची मंजुरी लागते आणि मंजुरी देणारे रजेवर. म्हणून बफरमध्ये कास्ट करून फ्लिप केला. म्हणजे वांगी परत करून 'भाजी' मागितली.

नव्या सहकाऱ्याने रिव्ह्यूत लगेच लिहिलं, "सर, हा कास्ट उगाच आहे. काढून टाकलाय."