सूर्यास्ताचे फोटो पाठवू नका

"प्रेमकथा लिहितेस म्हणजे मजाच आहे, सारखं फिरायला मिळत असेल!" हे ऐकवल्याशिवाय मला कुणी सोडत नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्याला मात्र "सारखे खून करायला मिळत असतील" असं कुणी म्हणत नाही. असो.

फिरते मी, भरपूर फिरते. पण तिथे बसून लिखाण? एक परिच्छेद धड होत नाही. नव्या जागी डोळे इतके हावरे होतात की डोकं बंदच पडतं. खिडकी, खिडकीचा रंग, खिडकीतला माणूस, सगळंच लिहून ठेवावंसं वाटतं, आणि नंतर त्यातलं बहुतेक उडवावं लागतं. लिखाण होतं ते घरी, रोजच्या खुर्चीत, पाठ दुखत असताना. (इंग्रज प्रेमकथालेखिका बार्बरा कार्टलंड सोफ्यावर पडून सेक्रेटरीला मजकूर सांगायची आणि अशा तिच्या 700हून अधिक कादंबऱ्या झाल्या. माझ्याकडे सोफा आहे, सेक्रेटरी नाही.)

माझं तर मत असं की जागा लांबून लिहिली की जास्त चांगली उतरते. इंग्रज लेखिका डॅफ्नी ड्यू मॉरिएने 'रेबेका' ही कादंबरी लिहायला घेतली ती 1937 मध्ये, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात. नवरा लष्करात, त्याची नेमणूक तिथे होती. बाहेर उकाडा, आणि हिच्या मनात इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा किनारा. लिहिलेला पहिला मजकूर तिने टाकूनही दिला. कॉर्नवॉलमधल्या ज्या मेनाबिली नावाच्या घरावरून कादंबरीतलं घर सुचलं, ते तिला भाड्याने मिळालं 1943 मध्ये. पुस्तक 1938 मध्येच येऊन गाजलं होतं! म्हणजे त्या घराची ओढच तेवढी हाताशी होती, आणि कादंबरीला तीच पुरली. शार्लट ब्रॉन्टे ब्रुसेल्सहून परतली 1844 मध्ये, तेही एका विवाहित शिक्षकावर जीव जडवून. त्या शहरावर बेतलेली तिची कादंबरी 'व्हिलेट' आली 1853 मध्ये. अमेरिकन लेखिका डायना गॅबाल्डनने स्कॉटलंडमध्ये घडणारी 'आउटलँडर' लिहायला घेतली तेव्हा तिने तो देश पाहिलाही नव्हता, सगळी भिस्त ग्रंथालयावर.

मग जायचं तरी कशाला?

त्यासाठी आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकसंघटनेने प्रेमकादंबरीला दोनच अटी घातल्या आहेत: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवं, आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. म्हणजे दोघं एकत्र येणार हे वाचकाला पहिल्या पानाआधीच ठाऊक असतं. शेवट फुटलेला असताना चारशे पानं वाचायला लावायची तर हातात उरतं काय? अडथळे. ती दोघं आज, इथे, या क्षणी एकमेकांची का होऊ शकत नाहीत, एवढंच. आणि चांगले अडथळे जागेत असतात.

म्हणून नव्या गावात उतरल्यावर मी देवळं-राजवाडे नंतर बघते. आधी शोधते, इथे दोन माणसांना एकटं बोलता कुठे येईल? कोण बघेल? बघितलं तर कुणाच्या कानावर जाईल? कुठल्याही गावाचा स्वभाव या तीन प्रश्नांत जेवढा कळतो तेवढा गाइडच्या भाषणात नाही कळत. काही गावांत सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे एकांत मिळतो तो भर बाजारातच, कारण तिथे उभं राहून बोलण्याचं कारण द्यावं लागत नाही. मोठ्या शहरात एकांत मुबलक, पण भाड्याने घ्यावा लागतो.

अंगाला कळणाऱ्या गोष्टी वेगळ्याच. डोंगरातली पायवाट अरुंद असली की दोघांना मागेपुढे चालावं लागतं. चेहरे दिसत नाहीत, म्हणून समोरासमोर कधीच न बोलली जाणारी वाक्यं तिथे तोंडातून निघतात. उलट फेरीबोटीच्या डेकवर प्रेमाची कबुली कुजबुजत देताच येत नाही. इंजिन आणि वारा मिळून शब्द खातात. ओरडावं लागतं, आणि ओरडलं की शेजारच्या बाकावरच्या आजीबाईंनाही कळतं. आता या आजीबाई फोटोत नसतात. त्यांच्यासाठी तिकीट काढावं लागतं.

माझा क्रम त्यामुळे उलटा आहे. पहिला खर्डा घरी, पुस्तकं आणि नकाशे पसरून. मग खर्ड्याच्या समासात साठलेले प्रश्न घेऊन प्रवास. आधी फिरून आलेल्या लेखकांची पुस्तकं मला लगेच ओळखू येतात: नायिका पहिल्या साठ पानांत फक्त बघत असते. तिला काही हवं असल्याचा पत्ताच नसतो.

तेव्हा मंडळी, "हे बघ, तुझ्या कादंबरीसाठी" म्हणत मला सूर्यास्ताचे फोटो पाठवणं थांबवा. सूर्यास्त कुणाला अडवत नाही. तुम्ही जिथे गेला आहात तिथली शेवटची बस किती वाजता सुटते आणि ती चुकली तर रात्र कुठे काढावी लागते, ते कळवा.