पट्ट्याचा जोड ओढून नाही, वाकून तुटतो

जुनी कडबा कुट्टी, उसाचा चरक, मळणी यंत्र अशा सपाट पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रांबद्दल एक मेसेज सध्या मोबाइलवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पट्टा तुटला की दुकानातला सगळ्यात मोठा फासनर, म्हणजे पट्ट्याची दोन टोकं जोडणारा लोखंडी जोड, आणा, नाहीतर सरळ लोखंडी पट्टी नटबोल्टने आवळा, आयुष्यभर बघायला नको. वादीचा, म्हणजे चामड्याच्या अरुंद पट्टीने शिवलेला, जोड आजोबांच्या काळातला. पट्टा घसरला तर ताण वाढवा आणि चिकटपणासाठी राळ टाका. फासनरच्या बिजागरीतली पीन हरवली तर खिळा घाला. मला हा मेसेज चार जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांचे पट्टे गेल्या हंगामात मीच जोडून दिलेत, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू.

मोठा फासनर म्हणजे मजबूत जोड, हे ऐकायला पटतं. पण जोडावर ओढ किती येते ते तरी बघा. 5 हॉर्सपॉवरची मोटर, मिनिटाला 1440 फेरे, तिच्यावर 4 इंची पुली. पट्टा मिनिटाला साधारण 460 मीटर पळतो. मोटर पूर्ण भाराने चालली तरी पट्ट्याच्या ताठ आणि ढिल्या बाजूंच्या ताणात जेमतेम 50 किलोचा फरक असतो. ताठ बाजूला 100 किलो धरा, म्हणजे सिमेंटच्या दोन गोण्या. एवढं ओझं नीट बसवलेला मध्यम फासनर हसत पेलतो. आता दुसरा आकडा. पट्टा 6 मीटर लांब असेल तर जोड मिनिटाला 76 वेळा त्या पुलीवरून जातो, सहा तासांत 27 हजारांहून जास्त वेळा. प्रत्येक वेळी तो वाकतो आणि परत सरळ होतो. तार हाताने तोडायची असेल तर आपण ओढत बसतो का? मागेपुढे वाकवतो. पट्ट्याचं तेच होतं.

म्हणून फासनर निवडताना आधी दोन मापं घ्यायची: पट्ट्याची जाडी आणि दोन्हींतल्या लहान पुलीचा व्यास. अ‍ॅलिगेटर म्हणजे दातेरी, बिजागरीचा फासनर. त्याचे नंबर पट्ट्याच्या जाडीप्रमाणे असतात आणि प्रत्येक नंबरला किमान किती व्यासाची पुली चालते तेही ठरलेलं असतं. पातळ पट्ट्यात मोठ्या नंबरचे दाते ठोकले की ते पलीकडे नको तेवढे बाहेर येतात, नीट मुरडत नाहीत आणि पुलीला ओरबाडत राहतात. क्लिपर प्रकारात तारेचे आकडे ओळीने दाबून बसवतात. तो आणखी चपटा बसतो, लहान पुलीला मला तोच आवडतो. फक्त त्याला दाबयंत्र लागतं, हातोडीने बसवायच्या फंदात पडू नका.

आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी खरा घोटाळा इंजीन जाऊन मोटर आली तेव्हा झाला. संथ इंजिनाची पुली मोठी, तिच्यावर जाडजूड जोडही वर्षानुवर्षं चालला. मोटर आली, पुली 4 इंचांवर आली, पट्टा मात्र तोच आणि फासनरही तोच. मग महिन्याभरात पट्टा फासनरच्या मागच्या कडेला, दात्यांच्या ओळीवर, कात्रीने कापल्यासारखा तुटतो. मालक म्हणतो फासनर कमजोर निघाला, आणि त्याहून मोठा आणतो.

आता नटबोल्टची पट्टी. तिला बिजागरी नसते. 50 मिलिमीटर लांबीची सपाट पट्टी 12 इंची पुलीवर टेकली तर तिची टोकं साधारण 2 मिलिमीटर अधांतरी राहतात. 4 इंची पुलीवर हेच अंतर जवळजवळ 6 मिलिमीटर होतं, म्हणजे बऱ्याच पट्ट्यांच्या जाडीएवढं. त्यामुळे प्रत्येक फेरीला ठक्क आवाज येतो आणि तो धक्का बेअरिंगला बसतो. असे जोड संथ कन्व्हेयरवर, मोठ्या ड्रमवर खुशाल वापरावेत, ते त्यासाठीच आहेत.

वादीला हसणाऱ्यांनी आठच्या आकड्यासारखा तिढा दिलेला पट्टा बघावा. मध्ये जिथे पट्टा स्वतःला घासतो तिथे लोखंडी जोड पट्ट्यालाच खरवडतो. वादी मऊ असते, घासली तरी पट्टा खात नाही. अट एकच, पुलीच्या बाजूला वादीचे टाके पट्ट्याच्या लांबीला समांतर हवेत, फुल्या सगळ्या वरच्या बाजूला. उलट केलंत तर फुली पुलीखाली चिरडून आठवड्यात तुटेल. भोकांनी पट्टा कमजोर होतो हे मान्य, म्हणून ती लहान ठेवा, आणि एका ओळीत नकोत, मागेपुढे पाडा.

पट्टा घसरतो किंवा पुलीवरून उतरतो त्यात ताणाचा दोष असतोच असं नाही. टोक काटकोनात कापलेलं नसेल तर जोड पुलीवर आला की पट्टा एका अंगाला झुकतो. गुण्या लावायचा तोही कडेला नाही, कारण जुन्या पट्ट्याची कड झिजलेली असते. मधोमध रेघ मारून तिला लावायचा. राळेने पट्टा दोन दिवस धरतो, मग काचेसारखा गुळगुळीत थर बसतो आणि पहिल्यापेक्षा जास्त घसरतो. जास्तीचा ताण तर सरळ बेअरिंग खातो.

राहिला खिळा. त्याचं डोकं बाहेर राहतं, आणि चालत्या पट्ट्याजवळ सदऱ्याची बाही किंवा पदर जायला वेळ लागत नाही. 2025 मध्ये रद्द झालेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 22 मध्ये, फिरत्या पुलीवरच्या पट्ट्याला हात लावायची मुभा प्रशिक्षित कामगाराला ज्या अटींवर दिली होती, त्यांत एक जोडाबद्दल होती: तो वादीने ओवलेला तरी असावा किंवा पट्ट्याशी समतल तरी. तो कायदा तुमच्या गोठ्यातल्या कुट्टीला लागू नसेल, पण कुट्टीला ते माहीत नाही. पीन नवी आणा. पट्ट्याच्या रुंदीपेक्षा किंचित आखूड कापा आणि पट्ट्याचे चारही कोपरे जोडापाशी थोडे तिरके छाटा, म्हणजे कशात अडकणार नाहीत.