पोडावरची पोरं कच्ची नाहीत

दहावीचा निकाल लागला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा-झरी पट्ट्यात दरवर्षी एकच बोलणं ऐकू येतं. "पोडावरची पोट्टी अभ्यासात कच्चीच असतात." पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. टपरीवर म्हणतात, एसटीत म्हणतात आणि सगळ्यात वाईट म्हणजे शाळेच्या बैठकीतही म्हणतात. मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे. हे ऐकून गप्प बसणं आता जमत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. लांब आहे, पण वाचा.

आधी भाषेचं बोलू. कोलाम लेकरू घरात कोलामी बोलतं. ही द्राविडी कुळातली भाषा, मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. गोंडीचंही तेच. मेळघाटातली कोरकू तर मुंडा कुळातली, म्हणजे आणखीनच दूरची. आपलं मराठी पोर पहिलीत जातं तेव्हा त्याला फक्त अक्षर नवीन असतं, शब्द ओळखीचा असतो. पोडावरच्या लेकराला अक्षर नवीन, शब्द नवीन, आणि "पाटी काढा" म्हणजे काय करायचं हेही शेजारच्याकडं पाहून समजून घ्यावं लागतं.

मागच्या वर्षी शाळेत गेलो होतो. दुसरीतल्या एका कोलाम पोरीनं मराठीचा पूर्ण धडा खडखड वाचून दाखवला. एक जोडाक्षर अडलं नाही. मॅडमनी कौतुक केलं, तपासणीच्या तक्त्यात "वाचता येते" अशी खूण झाली. मी तिला विचारलं, "बाई, या गोष्टीत बकरी कुठं गेली?" ती माझ्याकडं बघत राहिली. पुन्हा सोपं करून विचारलं, तरी तेच. तिचा बाप बाजूला उभा होता. तो हळूच म्हणाला, "तिले वाचता येते जी, पण समजत नाही."

हीच पोर चौथीत जाईल, शिष्यवृत्तीला बसेल आणि नापास झाली की लोक म्हणतील, पाहा, कच्चीच होती.

कायदा काय सांगतो? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 29 व्या कलमात लिहिलं आहे की शक्य तिथवर शिकवणं मुलाच्या मातृभाषेत असावं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही निदान पाचवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह आहे. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, कातकरी आणि माडिया गोंड यांच्या बरोबरची. म्हणजे सरकारच्या कागदावर यांची नोंद सगळ्यात आधी लागते. वर्गात मात्र त्यांच्या भाषेचं एक माणूस उभं नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची. दिवाळीपासून पऱ्हाटी फुटते आणि वेचणी सुरू होते. मजुरी किलोवर असते. दहा वर्षांच्या पोरीनं वेचलेला कापूस घरच्या तेल-मिठाला लागतो. ती वावरात गेली नाही तर लहान भावाला सांभाळायला घरी बसते. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत हेच चालतं. मग मार्चमध्ये मोहफूल. पहाटे उठून झाडाखाली जावं लागतं, उशीर झाला की गुरं खाऊन जातात. परीक्षा त्याच दिवसांत. मेळघाटातून तर दिवाळीनंतर घरंच्या घरं कामाला बाहेर पडतात. शाळेचं वर्ष कागदावर पूर्ण भरतं, पण पोराच्या वाट्याला त्यातलं किती येतं हे हजेरीपटावरून कळत नाही. खिचडीच्या वेळेला आलेलं पोरही हजरच असतं.

डिसेंबरात गावातल्या काट्यावर चौथीतली एक पोरगी आईसोबत आली होती. आईचा कापूस 38 किलो, तिचा 14. भाव 9 रुपये किलो, आधीची उचल 200. वजन करणारा मोबाईल काढेपर्यंत पोरगी बोलून गेली, "चारशे अडुसष्ट झाले, दोनशे कापले तर दोनशे अडुसष्ट." तिच्या वहीत हातच्याची वजाबाकी चुकलेली मी पाहिली आहे. 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या चमूनं कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या पोरांवर असाच अभ्यास केला, तो 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारातला हिशेब तोंडी करणारी ती पोरं शाळेच्या पद्धतीच्या गणितात अडत होती. आणि शाळेत गणितं सोडवणारी पोरं बाजारात अडत होती. आपली शाळा या पोरीच्या डोक्यातला हिशेब कधी विचारतच नाही. तो विचारला तर वजाबाकी तिथूनच शिकवता येईल.

गुरुजींना दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही. साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, असा नियम आहे. चार वर्ग, दोन माणसं. त्यातलं एक जण बैठकीला किंवा प्रशिक्षणाला गेलं की उरलेल्यानं पहिली ते चौथी एकाच खोलीत बसवायची, वर ऑनलाइन माहिती भरायची आणि मतदार यादीचं कामही बघायचं. आमच्या शाळेतल्या मॅडम जीव तोडून शिकवतात. त्यांनी स्वतःहून पन्नासेक कोलामी शब्द वहीत लिहून घेतले आहेत. पण त्यांची बदली झाली की ती वहीही त्यांच्यासोबत जाईल.

ज्याला परवडलं त्यानं आपलं पोर गाडीत बसवून तालुक्याच्या कॉन्व्हेंटला धाडलं. पट घसरला. उरली ती ज्यांना दुसरा रस्ताच नाही ती. त्यात सप्टेंबर 2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून एकाच ठिकाणी समूह शाळा करायची चर्चा सुरू झाली होती. पावसाळ्यात आमचा नाला दोन-दोन दिवस उतरत नाही. पहिलीतलं लेकरू कसं जाणार?

1882 मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढं सांगितलं होतं की महसूल रयतेच्या घामाचा, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, असं त्यांनी मागितलं होतं. आज आपण एखादं हुशार पोर नवोदयला लागलं की त्याचा फोटो फ्लेक्सवर लावतो. लावावाच, त्याची मेहनत आहे. पण वर्गातल्या बाकीच्यांचं काय, हे कोणी विचारत नाही.

माझी मागणी मोठी नाही. पोडावर बारावी झालेल्या दोन-तीन मुली घरी बसून आहेत. त्यांच्यातल्या एकीला पहिली-दुसरीच्या वर्गात रोज बसवा आणि मानधन द्या. आमची ग्रामपंचायत पेसामध्ये, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात येते, तिला 5 टक्के अबंध निधी, म्हणजे ठराविक कामाशी न बांधलेला पैसा मिळतो. त्यातून हे करता येईल का, असं मी ग्रामसेवकांना लेखी विचारलं आहे. वेचणीच्या महिन्यांत शाळेची वेळ सकाळी लवकर घ्यावी आणि ज्यांचे आईबाप बाहेर जातात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह गावातच सुरू व्हावं, हेही ग्रामसभेत मांडणार आहे. गावातल्या एका शहाण्या माणसानं मला सुनावलं, "जाऊ द्या न भाऊ, ते पोट्टे शिकून काय कलेक्टर होणार हाय काय?" कलेक्टर होवोत न होवोत, वाचलेलं समजलं पाहिजे.

केळापूर, झरी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव, धारणी, कुठल्याही गावच्या ग्रामसभेनं असा ठराव घेतला असेल तर त्याची प्रत मला इनबॉक्समध्ये पाठवा. आमच्या ठरावाचा मसुदा या आठवड्यात लिहायचा आहे.