‘आधी भरा, मग भांडा’ असं मी का लिहिलं

घरटॅक्सचं बिल चुकीचं वाटलं तरी ‘आधी भरा, मग भांडा’, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्याखाली नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका भाऊंनी लिहिलंय : ‘तुम्ही महापालिकेची वकिली करता. डिमांडच चुकीची असेल तर भरायची कशाला? आणि मुंबईत 500 फुटांपर्यंत टॅक्स माफ आहे, ते सोयीस्कर विसरलात.’

भाऊ, राग समजतो. पण सोपं आधी उरकतो. ती माफी 1 जानेवारी 2022 पासून आहे खरी, पण ती फक्त बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीतल्या घरांना. मुंबईचा कायदाच वेगळा, 1888 चा. तिथे 2010 पासून टॅक्स भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या बाजारभावाच्या हिशेबाने, बसतो. आपल्या नागपूरला 1949 चा महापालिका अधिनियम लागतो. महापालिकेच्या झोन ऑफिसच्या खिडकीवर मुंबईचं उदाहरण दिलं तर समोरचा बाबू हसून पुढचा कागद घेतो. घरात कोणी माजी सैनिक किंवा त्यांची विधवा असेल, तर मात्र 2020 च्या राज्य योजनेतून एका घराला सूट आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो, आपोआप मिळत नाही.

आता ‘भरायची कशाला’. माझंच सांगतो. आमच्या वरच्या दोन खोल्यांत भाडेकरू होता. तो गेला, खोल्या पोराने घेतल्या, आणि मी निवांत. दोन वर्षांनी आकारणीचा तक्ता नीट वाचला तर वापराच्या रकान्यात ‘भाडेकरू’ तसाच बसलेला. भाड्याने दिलेल्या भागाचं मूल्य जास्त धरतात. चूक कोणाची? माझी. भाडेकरू गेल्याचं मी कधी लेखी कळवलंच नव्हतं. रागाच्या भरात सहा महिने बिल भरलं नाही, तीही माझीच अक्कल.

कारण थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. 12,000 अडले तर महिन्याला 240, वर्षाला 2,880. न भरण्याला कायद्यात ‘निषेध’ म्हणत नाहीत, थकबाकी म्हणतात.

भांडायचं कुठे, ते माझ्या लेखात अर्धवट राहिलं होतं. ही तुमची टीका मान्य. मी थेट ‘अपील करा’ असं लिहिलं, आणि त्याने माणूस फसू शकतो. घराला वर्षाला जे भाडं येऊ शकेल असं धरतात, त्या वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करून करयोग्य मूल्य, म्हणजे ज्यावर टॅक्स बसतो तो आकडा, काढतात. भाडेमूल्य 30,000 असेल तर 27,000. हा आकडा पटत नसेल तर आकारणीच्या नोटिशीत दिलेल्या मुदतीत आयुक्तांच्या नावे लेखी तक्रार द्यायची, सुनावणीला जायचं. तिथे निकाल पटला नाही तरच त्याच अधिनियमाच्या कलम 406 खाली न्यायाधीशांकडे अपील, तेही 15 दिवसांत. आधी तक्रारच केलेली नसेल तर मूल्यावरचं अपील ऐकलंच जात नाही. आणि वादातली रक्कम आधी जमा केलेली असावी लागते. ‘आधी भरा’ म्हणालो ते यासाठी, कोणाच्या प्रेमापोटी नाही.

मुदत कशी हातची जाते ते सांगू? नोटीस आमच्या मीटरपेटीमागे पडली होती. पेटी रंगवायला काढली तेव्हा सापडली, तोवर तारीख उलटून गेली होती.

तक्रारीत ‘टॅक्स फार जास्त आहे’ एवढंच लिहिलं तर काहीच होत नाही. कोणता मजला, किती चौरस मीटर, कोण राहतं, बांधकाम स्लॅबचं की टिनाचं, ते लिहा. वीजबिल आणि फोटो जोडा. पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, बाबू कितीही ‘पाहून घेतो जी’ म्हणाला तरी.

आणि एक खूण. राहत्या घराच्या बिलात रोजगार हमी उपकर (टॅक्सवर वेगळा लावला जाणारा कर) दिसला, तर समजा घराचा काही भाग दुकान म्हणून चढलाय. तो उपकर निवासी वापराला लागत नाही. तुमच्या बिलात ती ओळ आहे का, आधी तेवढं बघून सांगा.